चढाच्या प्लॉटवर घर नेमके कुठे बसवावे? पुढे, मध्ये की मागे?

उंबरठा

नमस्कार. घर बांधण्यासाठी आम्ही घेतलेला प्लॉट रस्त्याच्या कडेने ७० फूट रुंद आणि आत १२० फूट खोल आहे. रस्ता पश्चिमेला असून जमीन रस्त्यापासून मागे, म्हणजे पूर्वेकडे, चढत जाते. डोळ्यांच्या अंदाजाने मागची हद्द रस्त्यापेक्षा पाच-सहा फूट उंच असावी. उत्तरेच्या प्लॉटवर एक घर उभे आहे, दक्षिणेचा प्लॉट सध्या मोकळा आहे आणि आमच्याच आग्नेय कोपऱ्यात चाळीसेक फूट उंचीचे जुने झाड आहे, जे आम्हाला तोडायचे नाही.

घराचा तळ साधारण ४२ बाय ३२ फूट धरला आहे. सध्या एकच मजला बांधणार आहोत, पुढे वर दोन खोल्या चढवण्याची शक्यता आहे. आई आमच्याबरोबर राहणार असून तिला गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोशा होतात.

आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, रस्त्यापासून १५ फूट सोडून अगदी पुढे बांधणे. दुसरा, प्लॉटच्या मधोमध. आणि तिसरा, मागे उंचावर. मला तिसरा आवडतो, कारण तिथे शांतता आहे आणि समोर नजर लांबवर जाते. घरातल्या बाकीच्यांचा कल मधोमध बांधण्याकडे आहे, कारण त्यात कोणाचेच फारसे काही जात नाही असे त्यांना वाटते. आराखडा काढायला देण्याआधी जागा पक्की करावी अशी इच्छा आहे. अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा

जागा ठरवण्याआधी प्लॉटच्या पातळ्या घ्या. 'डोळ्यांच्या अंदाजाने पाच-सहा फूट' या माहितीवर कोणताही पर्याय निवडणे म्हणजे अंधारात माप घेण्यासारखे आहे. एकूण चढ किती आहे यापेक्षा तो कुठे आहे हे महत्त्वाचे असते आणि ते उभ्याने कळत नाही. गवत, झुडपे आणि शेजारच्या घराच्या आडव्या रेषा डोळ्यांना हमखास फसवतात.

दहा-दहा फुटांवर चौकडी आखा. तुमच्या मापाला रुंदीत ८ आणि खोलीत १३, असे १०४ बिंदू होतील. लेव्हल यंत्र मिळाले तर उत्तमच, पण पारदर्शक नळीत पाणी भरूनही हे काम दोन माणसे एका दिवसात नीट करू शकतात. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नका आणि वाचन घेताना दोन्ही तोंडे उघडी असल्याची खात्री करा. एका तोंडावर अंगठा राहिला की पाणी खोटे बोलते. रस्त्याच्या कडेला न हलणारी एखादी खूण शून्य धरा आणि बाकी सगळ्या उंच्या तिच्या हिशेबात कागदावर मांडा. ही खूण पुढे जोत्याची (घराच्या जमिनीवर दिसणाऱ्या चौथऱ्याची) उंची ठरवताना, नळ टाकताना आणि फाटक बसवतानाही उपयोगी पडते, त्यामुळे ती पुसली जाणार नाही अशा ठिकाणी असावी.

तूर्त चढ सगळीकडे सारखा आहे असे धरले, तर १२० फुटांत ६ फूट म्हणजे २० फुटांना १ फूट. घराची ४२ फुटांची बाजू चढाच्या दिशेने ठेवली तर घराखालीच २.१ फुटांचा फरक येईल आणि ३२ फुटांची ठेवली तर १.६ फुटांचा. म्हणून उतारावर लांब बाजू शक्यतो चढाला आडवी ठेवावी असे आम्ही सांगतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. वरच्या बाजूची माती काढून ती खालच्या बाजूला पसरायची आणि त्या सपाटीवर घर बांधायचे, हा मोह टाळा. अर्धा पाया मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला की भरावाकडची बाजू बसते आणि दोन्हींच्या सांध्यावर भिंत तडकते. खोलीच्या जमिनीखाली भराव चालतो, तोही सहा ते नऊ इंचांच्या थरांनी पाणी मारून व धुम्मस करून (ठोकून घट्ट दाबून). पायाने मात्र सर्व ठिकाणी मूळ घट्ट जमीन गाठलीच पाहिजे.

पागोळी

ओळंबा यांनी जमीन सांगितली, मी पाणी सांगते. चढाच्या प्लॉटवर वरून येणारे पाणी घराला विचारून येत नाही. मागच्या हद्दीपलीकडे जमीन आणखी चढत असेल, तर तुमच्या १२० फुटांवर पडणारा पाऊस हा केवळ एक हिस्सा आहे. वरच्या सगळ्या जमिनीचे पाणी तुमच्याकडून जाणार आहे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहिते आहे. आमच्या आधीच्या घराची जागा मी भर उन्हाळ्यात निवडली होती. प्लॉटच्या एका भागात जमीन किंचित खोलगट होती, इतकी किंचित की मी तिला 'मऊ' म्हणत असे, आणि तिथे हिरवळ जास्त होती म्हणून तीच जागा मला प्रसन्न वाटली. हिरवळ का जास्त आहे हा प्रश्न मला पडला नाही. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या कोठीच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओलीची रेषा उमटली, तिच्यावर मिठासारखी पांढरी भुकटी आली आणि तिसऱ्या वर्षी खालचा गिलावा हाताने सुटू लागला. पाणी छतातून येत नव्हते. आम्ही घर ओघळीत बांधले होते आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने जात होते, एवढेच.

म्हणून दोन कामे करा. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन प्लॉटवर उभे राहा आणि पाणी कुठून शिरते, कुठे रेंगाळते व कुठून बाहेर पडते हे खुंट्यांनी दाखवून ठेवा. पाऊस लांब असेल तर वाहून आलेला पालापाचोळा, बारीक वाळूच्या रेघा आणि उघडी पडलेली मुळे पाहा. पाणी आपली सही ठेवून जाते. दुसरे म्हणजे, घर कुठेही बसवले तरी त्याच्या वरच्या बाजूला पाणी अडवून बाजूला नेणारा उथळ चर काढण्याइतकी जागा राहिली पाहिजे, आणि भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमीन किमान ६ इंच बाहेर उतरती करता आली पाहिजे. अगदी मागच्या हद्दीला चिकटून घर घेतले तर हे दोन्ही जमणार नाही. तुमच्या तिसऱ्या पर्यायाला माझी हीच हरकत आहे.

कवडसा

मला ओळंबा यांच्या एका मुद्द्याशी असहमती नोंदवायची आहे. रस्ता पश्चिमेला आणि चढ पूर्वेकडे, म्हणजे चढाला आडवी दिशा उत्तर-दक्षिण. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे ४२ फुटांची बाजू उत्तर-दक्षिण ठेवली, तर घराच्या सर्वांत लांब दोन भिंती पूर्व आणि पश्चिम या दिशांना तोंड करून उभ्या राहतील. उन्हाच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट मांडणी आहे.

कारण साधे आहे. दुपारचा सूर्य उंच असतो आणि दोन-अडीच फुटांचा छज्जा त्याला अडवतो. सकाळी व संध्याकाळी तो क्षितिजाजवळ असतो, त्याचे किरण छज्जाखालून आडवे आत शिरतात आणि त्यांना आडवा छज्जा अडवू शकत नाही. त्यातही पश्चिमेचे ऊन अधिक जाचक, कारण ते येते तेव्हा दिवसभराची उष्णता हवेत आधीच साठलेली असते. तापलेली भिंत ती उष्णता रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहते. त्यामुळे उष्ण प्रदेशात लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून आणि आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला असाव्यात. थंड प्रदेशातही लांब भिंत विषुववृत्ताच्या बाजूला ठेवण्यातच लाभ आहे, कारण हिवाळ्यातला खालचा सूर्य तिथूनच आत येतो. दोन्ही हवामानांचा निष्कर्ष एकच निघावा ही या विषयातली एक सुखद गोष्ट आहे.

ओळंबा यांच्याच आकड्यांनी पाहिले, तर घर फिरवल्यामुळे घराखालचा फरक १.६ फुटांवरून २.१ फुटांवर जातो. अर्ध्या फुटाचे जादा जोते एकदाच बांधावे लागते. पश्चिमेच्या भिंतीचे ऊन रोज सोसावे लागते.

आता दक्षिणेच्या मोकळ्या प्लॉटविषयी. तो आज मोकळा आहे हे विसरा आणि तिथे दुमजली, म्हणजे अंदाजे २२ फूट उंचीचे घर उभे आहे असे धरून हिशेब करा. उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या अयनदिनाला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, मध्यान्हीच्या सूर्याची उंची ९० अंशांतून स्थानाचा अक्षांश आणि २३.४ वजा केले की मिळते. अक्षांश २० असेल तर ही उंची ४६.६ अंश येते आणि २२ फुटांच्या घराची सावली जवळपास २१ फूट पडते. अक्षांश ४० असेल तर उंची अवघी २६.६ अंश राहते आणि तीच सावली ४४ फूट होते. दोन्ही घरांनी १०-१० फूट सोडले असतील, तर २० अक्षांशावर सावली जेमतेम तुमच्या भिंतीच्या पायाशी पोहोचते, पण ४० अक्षांशावर ती भिंतीवर १२ फूट चढते, म्हणजे तळमजला ऐन मध्यान्हीही सावलीत बुडतो. दक्षिण गोलार्धात हाच विचार उत्तरेच्या शेजाऱ्याबाबत आणि जूनच्या अयनदिनासाठी करावा. सावली हवी की नको हे ज्याचे त्याने आपल्या हवामानावरून ठरवावे. ती किती लांब पडेल हे मात्र आधी माहीत असावे.

एक पुरवणी. आराखड्यावरचा उत्तर बाण होकायंत्रावरून काढू नका. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत ठिकाणानुसार काही अंशांचा फरक असतो आणि शेजारी लोखंड असेल तर तो आणखी बिघडतो. सपाट जागी तीन फुटांची सरळ काठी ओळंब्यात, म्हणजे अगदी उभी, रोवा, तिच्याभोवती वर्तुळ आखा, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण करा आणि दुपारनंतर ते पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. खर्च काही नाही, धीर मात्र लागतो.

ओळंबा

हरकत मान्य आहे, मात्र एका अटीवर. चढ एवढा सौम्य आणि सर्वत्र सारखा असेल तरच. १० फुटांना १ फूट असा चढ निघाला तर ४२ फुटांखाली ४.२ फुटांचा फरक येईल आणि मग आपण अर्ध्या फुटाविषयी बोलत नसू. म्हणून पुन्हा तेच सांगतो, आधी पातळ्या.

नळजोड

सांडपाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. जमीन रस्त्याकडे उतरते हे तुमचे नशीब आहे. घर रस्त्यापेक्षा खाली गेले असते तर मैलापाणी पंपाने वर चढवावे लागले असते. चार इंची नळाला ४० फुटांना १ फूट उतार धरला तर मागच्या जागेपासून ८० फुटांच्या नळाला २ फूट उतार लागतो आणि तो तुमच्या जमिनीतच आहे. रस्त्याखालच्या वाहिनीच्या तळाची पातळी तेवढी विचारून घ्या, झाकणाची नव्हे. प्रत्येक वळणावर चेंबर येते, म्हणून नळ सरळ जाईल अशी वाट आत्ताच राखून ठेवा आणि ती झाडाच्या मुळांपासून लांब असू द्या.

सार्वजनिक वाहिनी नसेल तर सगळा क्रम उलटतो. मग सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आधी, घर नंतर. शोषखड्डा विहिरीच्या किंवा बोअरच्या उताराकडच्या, म्हणजे खालच्या, बाजूला हवा. बहुतेक नियम त्यांत १५ ते ३० मीटर अंतर मागतात, आणि एवढे अंतर राखायचे म्हटले की लहान प्लॉटवर घराला जागा निवडायला फारशी उरत नाही. टँक उपसणारी गाडी तिथपर्यंत पोहोचली पाहिजे, हे तर अनेकांना टँक भरल्यावरच आठवते.

कुंपण

बांधकाम चालू असतानाच्या काळाचाही विचार करावा. आम्ही घर पुढे बांधले आणि दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा फूट सोडले. मागच्या अंगणात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा यंत्राची गाडी आत जाईना. मागे खोली वाढवायची ठरवली तेव्हा वाळू, खडी आणि विटा, सगळे पाटीने वाहावे लागले. आता नियम म्हणून सांगतो की एका बाजूला १२ फुटांची अखंड वाट ठेवा, जिच्या तोंडाशी पायऱ्या, ओटा किंवा टाकी येणार नाही.

दुसरे, हद्द कुंपणावरून मोजू नका. आमच्या ठेकेदाराने जुन्या तारेपासून माप घेतले. तार खऱ्या हद्दीपासून दीड फूट आत होती. यात आमचेच अंगण गेले म्हणून भांडण झाले नाही, तार बाहेर असती तर पायाच तोडावा लागला असता. अधिकृत मोजणीच्या खुणा मिळेपर्यंत आखणी करू नये. सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि घर यांतले मोकळे अंतर, किती सोडायचे हेही स्थानिक नियमांच्या कागदावर पाहावे, शेजाऱ्याने किती सोडले आहे त्यावरून ठरवू नये.

पायवाट

मधोमध घर ही कल्पना मला कधीच पटलेली नाही. तुमच्या मापांवर करून पाहा. ७० फुटांत ३२ फुटांचे घर मधोमध ठेवले की दोन्ही बाजूंना १९-१९ फूट उरतात. एक बाजू गाडीच्या वाटेत जाते आणि दुसरीकडे कपडे वाळतात. तेच घर एका अंगाला १० फुटांवर सरकवले तर दुसऱ्या अंगाला २८ फुटांचे सलग अंगण मिळते, ज्यात मुले खेळू शकतात आणि झाडाची सावलीही वापरात येते. मोकळी जमीन तेवढीच राहते, पण पहिल्यात ती घराभोवतीची वाट होते.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात मोजणीच्या खुणा पक्क्या करून घेतल्या, काठीच्या सावलीने दिशा काढली आणि मेहुण्याला मदतीला घेऊन नळीने १०४ बिंदू मोजले. ओळंबा यांचा बुडबुड्यांचा इशारा वाचूनही पहिल्या रांगेत आम्ही एक बुडबुडा पकडला आणि अकरा वाचने पुन्हा घेतली.

निकाल माझ्या कल्पनेपेक्षा अगदी वेगळा आला. रस्त्यापासून पहिल्या ३० फुटांत जमीन जेमतेम अर्धा फूट चढते. ३० ते ७० या ४० फुटांत ती एकदम ४.२ फूट चढते. ७० फुटांपुढे मागच्या हद्दीपर्यंत उरलेल्या ५० फुटांत फक्त १.३ फूट. म्हणजे खाली एक अरुंद सपाटी, मध्ये उतार आणि वर एक रुंद सपाटी. सगळ्यांनी तडजोड म्हणून सुचवलेली मधली जागा पूर्ण प्लॉटमधली सर्वांत वाईट जागा निघाली.

दुसरी गोष्ट पागोळी यांच्यामुळे दिसली. उत्तरेच्या हद्दीला समांतर, तिच्यापासून ६ ते १४ फुटांच्या पट्ट्यात, सात-आठ इंच खोलीची एक ओघळ आहे. तिच्यात बारीक वाळूच्या रेघा आहेत आणि ती ईशान्य कोपऱ्यातून येऊन थेट रस्त्याकडेच्या गटारात उतरते. दहा वेळा तिच्यावरून चाललो होतो.

घराच्या संभाव्य कोपऱ्यांवर चार खड्डेही घेतले. पूर्वेला २ फुटांवर आणि पश्चिमेला साडेतीन फुटांवर घट्ट मुरूम लागला.

पागोळी

ओघळ उत्तरेला आहे म्हणजे पायवाट यांनी सुचवल्याप्रमाणे घर उत्तरेला १० फुटांवर सरकवता येणार नाही. ती बुजवू नका आणि वळवायची असेल तरी तिचे बाहेर पडायचे तोंड बदलू नका. आपले पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडण्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचा मालक बदलतो. माझ्या मते तिला आहे तिथेच दगडांनी नीट बांधून घ्यावे आणि घर तिच्या काठापासून किमान ४ फूट दूर असावे.

कवडसा

मग उत्तरेकडून १८ फूट सोडून ३२ फुटांचे घर घ्या. दक्षिणेला २० फूट उरतात. तिथे गाडीची वाट येते, तुमच्या शेजाऱ्याचे १० फूट धरले तर भावी दुमजली घर ३० फुटांवर राहते, आणि २० अक्षांशाच्या हिशेबात हिवाळ्यातील सावली मध्यान्ही तुमच्यापर्यंत येतच नाही.

ओळंबा

पातळ्या पाहून माझे मत असे की वरची सपाटी हीच जागा आहे, पण थेट मागच्या टोकाला नको. ७० ते ११२ फूट या पट्ट्यात घर ठेवले तर घराखाली फक्त १.१ फुटांचा फरक येतो आणि कागदावर ते सर्वांत सोपे दिसते. मात्र झाडाचे खोड नेमके कुठे आहे ते कळवा. मुरूम उथळ आहे म्हणून फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकण मातीची भीती तुम्हाला कमी आहे. तशी माती असती तर झाडाच्या उंचीइतके अंतर सोडायला सांगितले असते. तरीही खोडालगत पाया खणला तर मोठी मुळे तुटतात, आणि मुळे तुटलेले चाळीस फुटांचे झाड वादळात घराच्याच अंगावर येऊ शकते.

उंबरठा

खोड दक्षिण हद्दीपासून ८ फुटांवर आणि पूर्व हद्दीपासून १२ फुटांवर आहे, म्हणजे रस्त्यापासून १०८ फूट. घर ११२ फुटांपर्यंत नेले तर दक्षिणेची भिंत खोडापासून १२ फुटांवर येते आणि अर्धे छप्पर फांद्यांखाली जाते.

ओळंबा

मग घर १४ फूट रस्त्याकडे सरकवा, ५६ ते ९८. आग्नेय कोपरा खोडापासून साडेपंधरा फुटांवर जातो, मागे २२ फूट मोकळे राहतात आणि पागोळी यांचा चर सुखाने बसतो. पुढचे १४ फूट उतारावर येतात, त्यामुळे घराखालचा फरक २.२ फूट होईल. मागच्या बाजूला जोते जमिनीपासून दीड फूट वर ठेवले तर रस्त्याकडच्या बाजूला ते ३.७ फूट दिसेल.

कवडसा

आणि त्या पश्चिमेच्या ३.७ फूट उंच जोत्यावर दहा फूट खोल ओसरी बांधा. पश्चिमेचे ऊन ओसरीच्या जमिनीवर पडेल, खोलीच्या भिंतीवर नाही. अगदी मावळतीचे किरण आत येतील, त्यांना खालपर्यंत येणारे पडदे किंवा वेल पुरेसे आहेत. तुम्हाला लांबवर जाणारी नजर हवी होती, तीही तिथूनच मिळेल.

कुंपण

आईंच्या गुडघ्यांचे काय? ३.७ फूट म्हणजे सात-आठ पायऱ्या झाल्या.

ओळंबा

रोजची ये-जा समोरून ठेवायचीच नाही. दक्षिणेच्या वाटेने गाडी वरच्या सपाटीपर्यंत येऊ द्या. ४० फुटांत ४.२ फूट म्हणजे साडेनऊ फुटांना एक फूट, हा चढ गाडीला चालतो. ८ फुटांना १ फूट याहून तीव्र करू नये, आणि चढाच्या दोन्ही टोकांना थोडी सौम्य गोलाई द्यावी, नाहीतर गाडीचे पोट घासते. वर पोहोचल्यावर घराच्या दक्षिण दाराशी जोते जमिनीपासून पावणेदोन-दोन फूटच उरते. १२ फुटांना १ फूट या चढाने २४ फुटांचा रॅम्प भिंतीलगत बसतो आणि गाडीला १२ फूट सोडूनही तो चार फूट रुंद ठेवता येतो.

पायवाट

२८ फुटांचे अंगण गेले याचे मला वाईट वाटते, पण ओघळीपुढे इलाज नाही. मागचे २२ फूट आणि झाडाची सावली मात्र अंगण म्हणूनच राखा. तिथे टाकी, सरपणाची शेड, जुने सामान असे काही येऊ देऊ नका.

उंबरठा

काल दोरी आणि फक्कीने घर जमिनीवर आखले. १५, २० आणि २५ फुटांच्या त्रिकोणाने पहिला कोपरा काटकोनात धरला आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजले. ४२ बाय ३२ ला कर्ण ५२ फूट साडेनऊ इंचांहून किंचित जास्त यायला हवा. एक बरोबर आला आणि दुसरा थोडा कमी, कारण वायव्य कोपऱ्याची फीत उतारावर जमिनीला टेकवून धरली होती. फीत आडवी ताणून खाली ओळंबा सोडल्यावर फरक नाहीसा झाला. ओळंबा यांनी आपल्या नावाची ही जाहिरात समजावी.

मग खोल्या आखल्या आणि खुर्च्या नेऊन संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. दोन बदल झाले. ओसरीची खुर्ची जिथे ठेवली होती तिथून उत्तरेच्या घराची मोरी समोर येत होती, म्हणून ओसरीची उत्तर बाजू भिंतीने बंद करायची ठरले. आणि माझी गाडी रिकाम्या जागेत प्रत्यक्ष वळवून पाहिली तेव्हा मागे घेताना चाक आखलेल्या रॅम्पवर जात होते. गाडी वळवण्याची जागा रॅम्पच्या शेवटापुढे, झाडाच्या अलीकडे नेली. कागदावर दोन्ही गोष्टी दिसल्या नव्हत्या. आई रॅम्पच्या जागेवरून चार वेळा चालली आणि कठडा दोन्ही बाजूंना हवा, एका बाजूचा पुरणार नाही, असे तिने सांगितले.

आराखडा काढणाऱ्यांना आता हेच नकाशासह देत आहे. खोदाई सुरू होईल तेव्हा पहिल्यांदा मागचा चर काढून घेणार आहोत.

ओळंबा

खोदाईआधी प्रत्येक भिंतीची रेषा पाच-सहा फूट बाहेर वाढवून तिथे दुसऱ्या खुंट्या ठोका आणि त्यांच्याभोवती थोडे काँक्रीट घाला. कोपऱ्याच्या खुंट्या पहिल्याच दिवशी यंत्राखाली जातात.

उंबरठा

आजच ठोकल्या. आठही खुंट्यांवर लाल रंग लावला आहे आणि शून्याची खूण रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर कोरून घेतली आहे.